कुलूपवाद्यांस उत्तर

एका लेखनावर अनेकांचे हात पडले म्हणजे त्याचा विचका होतो, हा समज आपल्याकडे फार जुना असून अद्याप त्यास म्हातारपण आलेले नाही. शब्दकोश असो, परिभाषासंग्रह असो, संस्थेचा वार्षिक अहवाल असो अथवा संगणकाचा प्रोग्रॅम असो; मूळ प्रत एकाच्या हाती असावी, तिला त्याने कुलूप घालावे, आणि बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसावे, यातच शिस्त आहे असे मानणारा एक मोठा वर्ग आहे. या वर्गास आम्ही प्रस्तुत लेखात कुलूपवादी म्हणणार आहो. नाव कडक वाटेल. परंतु ते आमच्या पदरचे नाही. वॉल्टर टिची यांनी पर्ड्यू विद्यापीठात सिद्ध केलेली आरसीएस नावाची जी आवृत्ती-नियंत्रणाची पद्धत १९८२ साली पुढे आली, तीत फाईल दुरुस्त करू इच्छिणाऱ्याने आधी तिच्यावर कुलूप घ्यावयाचे असे, आणि ते निघेपर्यंत दुसऱ्यास तिच्यात काना-मात्रेचाही फरक नोंदविता येत नसे. कुलूप हाच शब्द त्या पद्धतीत होता. ती पद्धत मागे पडून आता पुष्कळ वर्षे लोटली. परंतु तिच्या मागची मनोवृत्ती आमच्या मंडळांत, समित्यांत आणि संपादकवर्गात निर्वेध नांदत आहे.

कोथरुडात या पक्षाची वस्ती दाट असावी, ही गोष्ट आम्हांस विशेष नवलाची वाटते. कर्वे रस्ता आणि पौड रस्ता यांच्या आसपासच्या कोणत्याही इमारतीचे चार मजले चढून जावे, एखाद्या तरी दाराआड गिट नामक साधनावर पोट भरणारा मनुष्य सापडावयाचाच. दिवसभर हा मनुष्य शाखा काढतो, शाखा मिळवितो, बंगळूरच्या नि बर्लिनच्या सहकाऱ्यांनी केलेले फेरफार आपल्या कामात बेमालूम सामावून घेतो. तोच मनुष्य संध्याकाळी आपल्या कॉलनीच्या मंडळात स्मरणिकेच्या कामास बसला की त्याच्यापुढे 'अंतिम', 'अंतिम २', 'खरेच अंतिम' आणि 'अंतिम काकांनी पाहिलेली' अशा चार फायली येतात. त्यांतली खरी कोणती हे काकांखेरीज कोणास ठाऊक नसते, आणि काका तर मुलीकडे गेलेले असतात! जी विद्या पगारासाठी दहा तास चालते ती स्वतःच्या भाषेच्या कामास का चालू नये? हा प्रश्न आम्ही अनेकांस विचारला. उत्तर बहुधा एकच मिळाले: 'ते आमचे ऑफिसचे काम झाले, इथे माणसे सांभाळावी लागतात.' म्हणजे ऑफिसात काय यंत्रे सांभाळतात?

कुलूपवाद्यांचे म्हणणे आम्ही त्यांच्यावर अन्याय न करता मांडू इच्छितो. ते म्हणतात, अनेक प्रती झाल्या की प्रमाण प्रत कोणती याचा घोळ होतो. प्रत्येकास आपापली शाखा काढण्याची मोकळीक दिली की मंडळ फुटते. फुटीने आपल्या इतिहासात काय काय झाले ते सांगावयास नको. आणि जेथे सर्वांचा हात लागतो तेथे चुकीचा धनी कोणीच राहत नाही. या आक्षेपांत तथ्याचा अंश मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, हे तिन्ही दोष शाखांचे नसून नोंद न ठेविलेल्या शाखांचे आहेत. आणि कुलपाने शाखा थांबत नाहीत, फक्त त्यांची नोंद थांबते. ज्याला काकांची वाट पाहावयाची नसते तो आपली एक प्रत गुपचूप काढून घेतोच. 'अंतिम २' जन्मास येते ती अशी.

गिटमध्ये शाखा म्हणजे काय ते ऑफिसातील मंडळींस ठाऊक आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. काम करणारा मनुष्य आपल्या कामाचा एक टप्पा पुरा झाला की कमिट करतो, म्हणजे त्या क्षणी सबंध काम जसे असेल तसे नोंदवितो. या नोंदीबरोबर ती कोणी केली, केव्हा केली, कशासाठी केली, आणि मुख्य म्हणजे ती कोणत्या आधीच्या नोंदीतून निघाली, हे कायमचे बांधलेले असते. या सर्वांवरून गणिताने चाळीस अक्षरांची एक खूण निघते. जनकाची खूण पोटात घेऊनच मुलाची खूण तयार होत असल्यामुळे मागील एका अक्षरात कोणी हात घातला तर तेथून पुढच्या सगळ्या वंशाच्या खुणा बदलतात आणि लबाडी तत्काळ उघडी पडते. आता शाखा ही वस्तू किती मोठी असेल असे वाचकांस वाटते? सामान्यतः ती एक्केचाळीस बाइटांची फाईल असते: चाळीस अक्षरे त्या खुणेची आणि एक ओळ संपल्याचे चिन्ह. ज्या भयंकर फुटीच्या धास्तीने आमचे मित्र रात्रंदिवस कुलपे चाचपून पाहतात तिचे वजन एवढे! शाखा म्हणजे मूळ ग्रंथाची चोरून केलेली नक्कल नव्हे. वंशवृक्षावर एका ठिकाणी ठेवलेले ते बोट आहे.

पण खरी खुबी शाखा काढण्यात नसून ती परत मिळविण्यात आहे. समजा, एक परिभाषासंग्रह चालला आहे. कर्वेनगरातील एका बाईंनी आणि डहाणूकर कॉलनीतील एका गृहस्थांनी सोमवारी एकाच प्रतीवरून आपापली शाखा काढली. शनिवारी दोन्ही शाखा एकत्र करावयाच्या झाल्या तर नुसत्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवून भागत नाही. 'कीबोर्ड' या शब्दापुढे एकीत 'कळफलक' आहे आणि दुसरीत जागा कोरी आहे; तर बाईंनी शब्द घातला असे समजावयाचे, की गृहस्थांनी खोडला असे समजावयाचे? दोन प्रतींवरून याचा निर्णय ब्रह्मदेवासही करता यावयाचा नाही. तिसरी प्रत लागते. दोघांची सोमवारची समान पूर्वज प्रत. ती उघडून पाहिली की तेथे जागा कोरीच होती हे दिसते, आणि वाद मिटतो. गिट हेच करते. ज्या ओळी एकानेच बदलल्या त्या निमूटपणे घेते. जेथे दोघांनी एकाच ओळीत निरनिराळे फेरफार केले, म्हणजे बाईंनी 'कळफलक' लिहिले आणि गृहस्थांनी 'कळपट' लिहिले, तेथे ते दोन्ही पाठ एकाखाली एक मांडून थांबते आणि माणसास म्हणते, आता तुम्ही ठरवा. याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. नव्या लोकांस या शब्दाचे भय वाटते. वास्तविक जेथे मतभेद आहे तेथे तो झाकून न ठेवता बोट ठेवून दाखविणारे यंत्र मिळाले तर भिण्याचे कारण काय?

यंत्राची मर्यादा मात्र आम्ही लपवीत नाही. यंत्रास ओळी समजतात, अर्थ समजत नाही. बाईंनी सबंध ग्रंथात 'शाखा' हा शब्द काढून 'फांदी' केला आणि त्याच आठवड्यात गृहस्थांनी शेवटी एक नवे कलम जोडून त्यात तीनदा 'शाखा' लिहिले, तर यंत्र दोन्ही फेरफार विनातक्रार स्वीकारील. ओळी वेगळ्या, मग तंटा कसला? ग्रंथ मात्र अर्धा फांदीवर आणि अर्धा शाखेवर लोंबत राहील. एवढ्याकरिता मिळवणी करणारा मनुष्य डोळस असावा लागतो, आणि त्याने मिळवणीनंतर सगळा ग्रंथ वाचावा लागतो. परंतु हे कुलपाच्या बाजूचे प्रमाण नव्हे. कुलूप असताना तर हे गृहस्थ नवे कलम लिहावयास बसलेच नसते.

कुलपाचा उबग प्रथम कोणास आला तेही पाहण्यासारखे आहे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या विद्यापीठातील अध्यापक डिक ग्रून हे आपल्या दोन विद्यार्थ्यांसह एक कंपायलर लिहीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच नियमाने काम करणारा, दुसऱ्याच्या वेळेचा नेम नाही, आणि खुद्द अध्यापकांस संध्याकाळीच फुरसत. एकाने कुलूप लावून घरी जावे आणि दुसऱ्याने दारात ताटकळावे, हा प्रकार चालणे शक्यच नव्हते. त्या अडचणीतून निघालेली सीव्हीएस ही पद्धत १९८६ साली प्रसिद्ध झाली. कोथरुडातील कोणत्या मंडळाची याहून वेगळी स्थिती आहे? एक सदस्य निवृत्त, दुसरा रात्रपाळीचा, तिसरी मुलांच्या परीक्षा सांभाळून बसणारी. तथापि सीव्हीएसमध्ये आणि २००० साली सुरू झालेल्या सबव्हर्जनमध्ये इतिहास एकाच मध्यवर्ती कोठारात राही. तेथवर तार पोचली नाही की काम अडले.

लिनक्सच्या प्रकरणाने ही गाठ सुटली. २००२ पासून त्या प्रचंड कामाचा कारभार बिटकीपर या एका कंपनीच्या साधनावर चालत असे. २००५ साली त्या कंपनीने फुकट वापराची सवलत काढून घेतली. तेव्हा लिनुस टोर्वाल्ड्स यांनी एप्रिल महिन्याच्या पहिल्या काही दिवसांतच गिट उभे केले. त्याच महिन्यात मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरियल हे त्याच जातीचे दुसरे साधन जाहीर केले. या दोहोंत प्रत्येकाच्या घरी सबंध इतिहासासह सबंध कोठार असते. बारा जुलै १९६१ चा पानशेतचा पूर ज्या पुण्याने पाहिला, आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेतील ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस ज्या पुण्याने पाहिली, त्या पुण्यास एकाच कोठाराचा धोका वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

येथे आमच्या सभेत दुसरा एक पक्ष उभा राहतो. तो कुलूपवाद्यांच्या विरुद्ध असल्यामुळे आमचा मित्र म्हणवितो. पण अशा मित्रांपासून सावध राहिलेले बरे. हा पक्ष म्हणतो, 'यात नवे ते काय? आपल्या पोथ्यांची परंपरा म्हणजे हेच. गावोगाव प्रती, जागोजाग शाखा. गिट आपल्या पूर्वजांस अवगतच होते.' हे म्हणणे कानास गोड लागते आणि टाळ्याही घेते, परंतु ते खोटे आहे. आणि खोटे का आहे याचा पुरावा कोथरुडहून फार लांब नसलेल्या लॉ कॉलेज रस्त्यावर, टेकडीच्या पायथ्याशी, एकोणीस जाडजूड खंडांत उभा आहे.

महाभारताच्या पोथ्या देशभर पसरल्या होत्या, त्यांना शाखाही फुटल्या होत्या, हे खरेच. काश्मीरची शारदा लिपीतील परंपरा, बंगाली, मैथिली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम्. उत्तरेचा एक पाठसंप्रदाय, दक्षिणेचा दुसरा. पण या शाखांवर जनकाची खूण नव्हती. अमुक पोथी अमुक पोथीवरून उतरली, आणि उतरताना लेखकाने अमुक श्लोक शेजारच्या तिसऱ्याच पोथीतून घातला, याची नोंद बहुधा कोणीच ठेविली नाही. एखाद्या विद्वानाने दुसरी पोथी जवळ घेऊन तिचे पाठ आपल्या पोथीच्या समासात लिहावे, आणि पुढच्या लेखकाने समासातले ते पाठ बेलाशक ग्रंथात ओढून घ्यावे, असे शतकानुशतके चालले. शाखा फुटल्या, शाखा मिळाल्या, पुन्हा फुटल्या. वंशावळ मात्र कोठेच उरली नाही. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत पोथ्यांच्या ज्या परस्परसंकराचा ऊहापोह केला तो हाच. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेले हे काम पुरे होण्यास १९६६ साल उजाडले. बाराशे एकोणसाठ पोथ्या त्यासाठी तपासल्या गेल्या. सत्तेचाळीस वर्षांच्या या श्रमांचा फार मोठा भाग कशात गेला? प्रत्येक लेखकाने एक ओळ लिहून ठेविली असती, 'ही प्रत अमक्या प्रतीवरून, अमके फेरफार करून', तर जे आयते मिळाले असते ते अनुमानाने परत उभे करण्यात गेला.

ते कसे उभे केले हे आमच्या तरुण प्रोग्रॅमरांनी एकदा पाहून यावे. एका मोठ्या ताव्यावर चौकटी आखून वरच्या ओळीत श्लोकाचे एकेक अक्षर एकेका चौकटीत लिहावयाचे. खाली पोथीमागून पोथी घेऊन जेथे फरक असेल तेवढीच अक्षरे भरावयाची. हे काम पुण्याबरोबरच शांतिनिकेतनात आणि तंजावरासही चाले. पूर्वज प्रत हाती नसल्यामुळे सुकथनकरांनी उलट दिशेने विचार केला: ज्या शाखा एकमेकींपासून स्वतंत्र राहिल्या आहेत त्यांचे जेथे एकमत होते, तेथे ते मत त्यांच्या समान पूर्वजाचे असले पाहिजे. मघाशी बाई आणि गृहस्थ यांच्यातील वाद सोमवारच्या प्रतीने मिटला. येथे दोघांच्या शनिवारच्या प्रतींवरून सोमवारची प्रत कल्पावयाची होती, आणि मधल्या काळात दोघांनी एकमेकांच्या वह्या चोरून पाहिल्या असण्याचा संभव होता. यावरून त्या कामाच्या कठीणपणाची कल्पना यावी.

या कामाची व्यवस्था कुलपाची नव्हती, हेही ध्यानी घ्यावे. नारायण बापूजी उटगीकर यांनी १९२३ साली विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती मुद्दाम विद्वानांच्या टीकेसाठी पुढे ठेविली. आज ज्यास पुल रिक्वेस्ट म्हणतात, म्हणजे 'माझी शाखा पाहा, दोष दाखवा, मग घ्यावयाची की नाही ते ठरवा' अशी विनंती, तिचे याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. ते पर्व अखेर १९३६ साली रघुवीर यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाले. सभापर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे गेले, उद्योगपर्व सुशीलकुमार दे यांच्याकडे, भीष्मपर्व श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांच्याकडे. सुकथनकर १९४३ साली निवर्तले; काम थांबले नाही. मूळ प्रत एकाच्याच पेटीत असती तर काय झाले असते?

आणि टाकलेल्या पाठांची व्यवस्था पाहा. महाभारत लिहून घेण्यासाठी व्यासांनी गणपतीची योजना केली, ही कथा आपल्या घराघरांत सर्वांस पाठ. संपादकांस ती मूळ पाठात ठेवण्याजोगी वाटली नाही. गणेशोत्सवाच्या गावात बसून त्यांनी ती पाठाबाहेर काढली. पण पुसली नाही, परिशिष्टात अक्षरशः छापली. जे श्लोक काही पोथ्यांत आहेत आणि काहींत नाहीत ते तारांकित करून खाली दिले. जो शब्द घेतला पण ज्याविषयी स्वतःच निःशंक नव्हते त्याखाली नागमोडी रेघ ओढली. टाकलेला पाठ जिवंत ठेवणे आणि घेतलेल्या पाठाची शंका उघड करणे, या दोन गोष्टी ज्या संपादनात आहेत त्यास आम्ही विश्वासास पात्र समजतो.

याच्या उलट नीळकंठ चतुर्धरांचे उदाहरण घ्या. गोदाकाठच्या कोपरगावचे हे मराठी पंडित सतराव्या शतकात काशीस राहून महाभारतावर टीका लिहीत होते. आपण निरनिराळ्या देशांतील पुष्कळ पोथ्या जमवून उत्तम पाठ निवडले, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. काही पाठांतरे टीकेत दिलीही आहेत. परंतु कोणता पाठ कोणत्या पोथीतून उचलला याचा हिशेब एकंदरीत ठेविलेला नाही; आणि पुढे मुंबईत छापलेल्या आवृत्त्यांनी नीळकंठी पाठ घरोघर नेल्यामुळे ही बेहिशेबी मिळवणीच लोकांस मूळ महाभारत वाटू लागली. ज्ञानेश्वरीचीही कथा थोडीफार अशीच. शके १५०६ मध्ये एकनाथांनी पाठ शुद्ध केला, हा त्यांचा मराठी भाषेवरील थोर उपकार आहे. त्यात ओवी घुसडणाऱ्यास त्यांनी दिलेली उपमा वाचकांस ठाऊकच आहे. पण त्यांनी काय घेतले, काय टाकले आणि कोणत्या प्रती समोर होत्या, याची यादी आपल्यापाशी नाही. १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या एका पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली तेव्हापासून जो वाद माजला तो सारा या न ठेविलेल्या यादीचा वाद आहे. नाथांच्या काळी साधने नव्हती, त्यांस दोष देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आज साधन प्रत्येकाच्या मांडीवर उघडे असताना जे यादी ठेवीत नाहीत त्यांस दोष देण्याचा प्रश्न मात्र जरूर उद्भवतो.

आता आमच्या डाव्या हातास बसलेल्या उतावळ्या मंडळींस दोन शब्द. ही मंडळी शाखा काढण्यात पटाईत असतात आणि मिळविण्याच्या वेळी अंतर्धान पावतात. 'आमचा फोर्क स्वतंत्र आहे' ही त्यांची घोषणा. तीन महिने आपल्या शाखेवर बसून राहावे, मूळ शाखेत दरम्यान काय झाले याची वास्तपुस्तही करू नये, आणि मग एके दिवशी चार हजार ओळींचा भारा आणून मिळवणी करणाऱ्याच्या अंगणात टाकावा, याला सहकार्य म्हणत नाहीत. समान पूर्वज जितका मागे राहील तितकी मिळवणी अवघड, हा या शास्त्राचा साधा नियम आहे. शाखा लहान असावी, लवकर परत यावी. कायमची वेगळी चूल मांडावयाची झाल्यास जरूर मांडावी, त्याचा हक्क प्रत्येकास आहे. पण ती मांडताना विसरलेल्या निरोपाचे निमित्त पुढे करू नये.

राहता राहिला मानापमान. कुलूपवाद्यांच्या सर्व युक्तिवादांच्या तळाशी, आमच्या मते, हीच गोष्ट आहे. मिळवणी करण्याचा अधिकार शेवटी कोणाच्या तरी हातात असतोच. टोर्वाल्ड्स यांनी गिट निर्माण केल्यावर तीन-चार महिन्यांत त्याची धुरा जुनिओ हामानो यांच्याकडे दिली, आणि लिनक्समध्ये एकेका विभागाचे संरक्षक खालून आलेले फेरफार पारखून वर पाठवितात. म्हणजे अधिकारी तेथेही आहेत. फरक एवढाच की त्यांचा नकार चारचौघांत लिहिलेला असतो, त्यास कारण द्यावे लागते, आणि नाकारलेली शाखा नाकारलेल्याच्या घरी सुखरूप असते. आमच्याकडे संपादकाने टाकलेला मजकूर टाकला गेला हेसुद्धा लेखकास छापील अंक पाहून कळते. आम्ही एका परिभाषेच्या कामात स्वतः पाहिले आहे. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तीनशे शब्दांच्या दुरुस्त्या एका प्राध्यापिकेने वर्षभर खपून दिल्या, त्यांतल्या कोणत्या घेतल्या ते तिला कोणी सांगितले नाही, आणि पुढच्या वर्षी तिने काम सोडले. तिला विरोध सोसला असता. तिचे श्रम कोठे गेले याचा पत्ता नसणे सोसले नाही. चुकीचा धनी राहत नाही म्हणून गळा काढणाऱ्यांनी हेही सांगावे की, कुलपाच्या पद्धतीत श्रमाचा धनी तरी कोठे राहतो? गिटमध्ये प्रत्येक ओळीचा कर्ता दाखविणारी आज्ञा आहे. इंग्रजांनी तिचे नाव 'ब्लेम' ठेवून उगीच तिला बदनाम केले. आमच्या दृष्टीने ती श्रेयाचीही वही आहे.

एका गोष्टीची चिंता मात्र आम्हांस खरोखर वाटते. साधन घरोघरी वाटलेले, पण गर्दी सगळी एकाच पेठेत! २००८ साली सुरू झालेले गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसातशे कोटी डॉलरांना घेण्याचे ठरविले. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमिया येथील लोकांची तेथील खाजगी कोठारे बंद झाल्याचे जगाने पाहिले. ज्याच्या त्याच्या संगणकावर ग्रंथाचा इतिहास शाबूत होता हे खरे, पण ग्रंथाभोवतीची चर्चा, दुरुस्त्यांच्या विनंत्या, 'का घेतले' आणि 'का टाकले' यांची उत्तरे दुकानात राहिली. कुलूप काढून टाकून किल्ली सावकाराकडे गहाण ठेवण्यासारखे हे झाले. मराठीच्या कामापुरते बोलावयाचे तर निर्णयाची कारणे कमिटच्या निरोपातच लिहावी, म्हणजे ती ग्रंथाबरोबर प्रत्येकाच्या घरी जातील. 'दुरुस्ती केली' एवढाच निरोप लिहिणाऱ्यास आमच्या मते ती दुरुस्ती परत द्यावी. आमच्या महाविद्यालयांतून शाखेची व्याख्या पाच गुणांसाठी पाठ करून घेतात. चार मुलांस एक मजकूर देऊन मुद्दाम भांडावयास लावावे आणि भांडण मिळवून दाखविण्यास गुण द्यावेत, असे एकाही प्रश्नपत्रिकेत आम्हांस आढळले नाही.

आता सांगण्यासारखे एकच उरते. भांडारकर संस्थेने सिद्ध केलेला महाभारताचा पाठ क्योटोचे मुनेओ तोकुनागा यांनी संगणकावर उतरविला, आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तो तपासून शुद्ध केला. पुण्याच्या श्रमास जपान आणि इंग्लंड यांनी हात लावला, ग्रंथाचे काही बिघडले नाही, उलट तो जगभर गेला. आमच्या मराठी ग्रंथांचे काय? गाथा, ज्ञानेश्वरी, बखरी, जुने कोश यांचे संगणकीय पाठ जागोजाग पडलेले आहेत. कोणता कोणत्या छापील आवृत्तीवरून टंकित केला हे पुष्कळांवर लिहिलेले नसते, एकाने काढलेली चूक दुसऱ्यात तशीच राहते, आणि वाचकास चूक सापडली तरी ती कळवावी कोणास, हे समजत नाही. अशा चुका काढणारे वाचक कोथरुडात पुष्कळ आहेत. निवृत्त शिक्षक, घरातील मोठ्या बाया, जन्मभर कारकुनी करून अक्षराचा डोळा तयार झालेले गृहस्थ दुपारच्या वेळी पेन्सिल घेऊन बसतात आणि पुस्तकाच्या समासात शुद्ध पाठ लिहितात. तो समास दुसऱ्या कोणाच्या दृष्टीस पडत नाही, आणि मालकाच्या पश्चात ती पुस्तके रद्दीवाल्याच्या तराजूत जातात.